राक्षस नक्की कोणी ठरवला? (फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला आणि मंडळी)

शेवटचं_पान

सध्या जुन्या गॉथिक (म्हणजे पडके किल्ले, गुपितं आणि भीतीच्या) कादंबऱ्या पुन्हा वाचतेय. 'फ्रँकेन्स्टाइन' कॉलेजात अभ्यासाला होती, म्हणजे तेव्हा गाइडवरच भागवली होती. आता मूळ पुस्तक वाचताना सुरुवातीच्याच एका प्रसंगाशी अडकलेय.

नोव्हेंबरची रात्र, एकचा सुमार. पाऊस काचांवर वाजतोय, मेणबत्ती विझायला आलीय. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने जवळपास दोन वर्षं खपून बनवलेला देह डोळे उघडतो. ८ फूट उंची, पिवळट कातडी, काळेभोर केस, मोत्यासारखे दात आणि काळपट ओठ. अवयव व्हिक्टरनेच निवडून घेतलेत, सुंदर दिसावेत म्हणून. तो एकदा बघतो आणि पळतो. शेजारच्या खोलीत जाऊन चक्क झोपतो! दचकून जागा होतो तर हा पलंगाचा पडदा वर धरून उभा. काहीतरी पुटपुटतो, हसल्यासारखं करतो, एक हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, ते थेट खाली अंगणात. उरलेली रात्र तिथेच.

आता मला सांगा, इथवर त्या बिचाऱ्याने काय केलंय? हात पुढे केला, एवढंच. तरी व्हिक्टरच्या तोंडी राक्षस आणि सैतान सुरू झालेलं असतं.

तर प्रश्न असा: या कादंबऱ्यांत माणूस राक्षस होतो तो चेहऱ्यामुळे, करणीमुळे, की चार लोकांनी तसं ठरवलं म्हणून? माझं मत तिसऱ्याला. फ्रँकेन्स्टाइनवरच थांबू नका; ड्रॅक्युला, हाइड, 'जेन एअर'मधली वरच्या मजल्यावरची बाई, सगळ्यांवर बोला.

कुंपणावरचा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

धोंडोपंत_तिसरे

शेवटचं_पान, लिहिलंय छान, पण मत पटलं नाही. 'बिचारा' म्हणून कसं चालेल? पुढे विल्यमचं, व्हिक्टरच्या धाकट्या भावाचं काय? लहान पोराचा गळा दाबून मारलंय. बरं, ते एक वेळ रागाच्या भरात झालं म्हणू. पण त्यानंतर तो काय करतो? पोराच्या गळ्यातली तसबीर काढून घेतो आणि कोठारात झोपलेल्या, त्यांच्याच घरी कामाला असलेल्या जस्टिनच्या कपड्यांत शांतपणे सरकवतो. जस्टिनने त्याला पाहिलेलंही नाही. वर व्हिक्टरला सांगतो की माणसांचे रक्तपिपासू कायदे ऐकून ऐकून मी हे शिकलो. हे रागात केलेलं नाही, डोकं लावून केलंय. माझं मत करणीला. चेहरा कसाही असो.

मधली_सुट्टी

फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव आहे, बनवलेल्याचं नाही. हा प्रतिसाद प्रत्येक धाग्यात कुणीतरी टाकतंच, म्हणून मीच टाकून मोकळा होतो.

बे_दुणे_पाच

@मधली_सुट्टी, मग बिघडलं काय? पोराला बापाचंच आडनाव लागणार ना. बापाने दिलं नाही, वाचकांनी दिलं.

मधली_सुट्टी

दंडवत घ्या _/\_

केतकी_रत्नाग्री

धोंडोपंत, तुम्ही जस्टिनचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण मला तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

तिने खून केलेला नाही. तरी ती कबुली देते. का? तर पाद्रीबाबा रोज कोठडीत येऊन तिला धमकावतात. कबूल कर, नाहीतर धर्माबाहेर टाकू, मेल्यावर नरक. व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ भेटायला येते तेव्हा जस्टिन सांगते की हा माणूस म्हणतो तशी राक्षसीण मी खरंच असेन असं मलाही वाटायला लागलं होतं. हे बोलतेय घरकाम करणारी, सगळ्यांच्या लाडाची, देखणी मुलगी! ना ८ फूट उंची, ना काळे ओठ. चार दिवस कानीकपाळी ओरडलं की झालं. मग फाशी.

आणि या सगळ्यात व्हिक्टर कुठे असतो? तिथेच. खुनी कोण याची त्याला पक्की खात्री आहे. तोंड उघडत नाही, कारण लोक आपल्याला वेडा म्हणतील. त्याला स्वतःच्या यातनांचं वर्णन करायला मात्र पानंच्या पानं पुरत नाहीत. मला तर तो प्रसंग वाचून त्याच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या.

धोंडोपंत_तिसरे

केतकीताई, व्हिक्टर नालायक आहे यावर दुमत नाहीच. पण एक नालायक निघाला म्हणून दुसरा निर्दोष होत नाही.

ओपीडी_संपली

सिनेमाने या प्रश्नाची पार वाट लावली. १९३१च्या सिनेमात बोरिस कार्लॉफ. मानेतले ते दोन खिळे, सपाट डोकं, सगळं तिथलं. मेरी शेलीच्या पुस्तकात यातलं काही नाही. पण खिळ्यांचं सोडा. त्या सिनेमात मदतनीस मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते आणि तो शेजारची गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. संपलं! म्हणजे हा वाईट निघणारच होता, मालच खराब होता. पुस्तकात नेमकं याच्या उलट आहे. हा गडी भिंतीच्या फटीतून शेजारच्या झोपडीतल्या गरीब डी लेसी कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे ऐकून रडतो. आधी त्यांच्याकडचं थोडंफार चोरून खायचा; ते लोक स्वतःच अर्धपोटी राहतात हे कळल्यावर ते बंद, मग रानातली फळं नि कंदमुळं. रात्री जाऊन त्यांच्यासाठी लाकूडफाटा आणून ठेवतो.

अशा भाडेकरूला कुणीही जागा देईल. सिनेमात तर त्याला धड बोलूही दिलेलं नाही.

कुंपणावरचा

आलो. वरच्या सगळ्या फ्रँकेन्स्टाइनवाल्यांना नमस्कार, मी ड्रॅक्युलावाला (१८९७).

त्यातला माझा आवडता प्रसंग रक्ताचा नाही, अंथरुणाचा आहे. जोनाथन हार्कर हा इंग्रज वकील काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात पाहुणा आहे. जेवण वेळेवर, सोन्याची ताटं, पण नोकर कुठे दिसत नाही. एक दिवस दाराच्या बिजागरीच्या फटीतून बघतो तर स्वतः काउंटसाहेब त्याची गादी घालतायत! मग टेबलही मांडतात. शेकडो वर्षांचा सरदार, घराण्याचा एवढा तोरा, आणि पाहुण्याला कळू नये म्हणून गुपचूप घरकाम करतोय. मला त्याची कीव आली होती. तिथे इंग्लंडचे नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक, वकिलांच्या याद्या असं सगळं वाचून ठेवलंय त्याने. लंडनमध्ये आपले उच्चार परके वाटू नयेत म्हणून हार्करशी इंग्रजीचा सराव करतो.

आणि हे लक्षात घ्या, पुस्तक सगळं डायऱ्या, पत्रं, तारा नि फोनोग्राफवरच्या नोंदी यांनी बनलंय, आणि सगळ्या विरोधी पार्टीच्या. ड्रॅक्युलाच्या हातचं एखादं पत्र किंवा चिठ्ठी, बस्स. खटल्यात एकाच बाजूचे साक्षीदार. म्हणून माझंही मत शेवटचं_पान यांना.

धोंडोपंत_तिसरे

अहो कुंपणावरचे, गादी घातली म्हणून सज्जन होतो का कोणी? त्याच किल्ल्यात तो त्या तीन बायकांसमोर पोतं टाकतो, त्यात लहान मूल असतं. नंतर त्याची आई अंगणात येऊन पोर परत मागते तर तिच्यावर लांडगे सोडतो. आता इथे कोणाचा पूर्वग्रह आडवा आला?

कुंपणावरचा

...हं. त्या आईचा प्रसंग मी सोयीस्करपणे वगळला होता. :-)

जुना_सोलापूरकर

ड्रॅक्युलात एक जागा आहे, बहुतेक लोक तिथून सरळ पुढे निघून जातात. शेवटी शेवटी मीना, हार्करची बायको, म्हणते की काउंट हा गुन्हेगार जातकुळीचा आहे, लोंब्रोझोने त्याला त्याच वर्गात टाकलं असतं. लोंब्रोझो म्हणजे इटलीतला डॉक्टर, १८७६ साली त्याने पुस्तक काढलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कान, नाक, जबडा मोजा की कळतं. आता परत पहिल्या प्रकरणांकडे जा. हार्करने काउंटचं जे वर्णन केलंय, बाकदार नाक, एकमेकांना भिडलेल्या जाड भुवया, टोकदार कान, ते त्याच यादीशी जुळतं. म्हणजे दात बाहेर काढायच्या आधीच निकाल लागलेला.

मी हे वाचून थांबलो त्याचं कारण, माझं बालपण सोलापुरात गेलं. तिथे सेटलमेंट म्हणून भाग आहे, आजही रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी पुरतं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि अख्ख्याच्या अख्ख्या जमाती तारेच्या कुंपणात आणून ठेवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार. १९५२च्या ३१ ऑगस्टला त्यांना विमुक्त केलं. कागदावर तरी.

कादंबरीतला काउंट खोटा आहे, त्याला काही फरक पडत नाही. पण कानाच्या ठेवणीवरून माणूस वाचायची ती सवय खरी होती.

ओपीडी_संपली

@जुना_सोलापूरकर, प्रतिसाद फार आवडला. फक्त एक जोडतो: आपल्याकडचा कायदा १८७१चा, लोंब्रोझोचं पुस्तक १८७६चं. म्हणजे साहेबाला हे सुचायला शास्त्राची वाट बघावी लागली नव्हती.

अवांतर: ड्रॅक्युला जिचं रक्त पितो त्या ल्युसीला (मीनाची मैत्रीण) डॉक्टर व्हॅन हेल्सिंग वगैरे मंडळी चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवतात. रक्तगटाचा शोध १९०१चा. ती ड्रॅक्युलामुळे गेली की व्हॅन हेल्सिंगमुळे, यावर आमच्या होस्टेलला रात्र रात्र वाद व्हायचे.

पेणचा_पाहुणा

तुम्ही सगळे 'बाहेरून ठरवलं' या बाजूने झुकताय, म्हणून 'जेकिल आणि हाइड'बद्दल (१८८६) लिहितो. तिथे हे गणित बसत नाही.

पहाटे तीनची वेळ. हाइड रस्त्याच्या कोपऱ्यावर एका लहान मुलीला धडकतो आणि न थांबता तिला तुडवत पुढे जातो. लोक पकडून आणतात. हे बघणारा एन्फिल्ड सांगतो, हाइडमध्ये काहीतरी घाण वाटतं पण काय ते सांगता येत नाही. व्यंग म्हणावं तर कुठे ते दाखवता येत नाही. आणि गंमत बघा, मुलीला तपासायला आलेला डॉक्टर अगदी कोरडा, रुक्ष माणूस आहे. पण हाइडकडे नजर गेली की प्रत्येक वेळी त्याला त्याचा खून करावासा वाटतो, चेहरा पांढरा पडतो. खून करणं बरं दिसत नाही, म्हणून मग सगळे मिळून त्याच्याकडून शंभर पौंड वसूल करतात. हाइड त्या सुप्रसिद्ध दारातून आत जातो आणि थोडे रोख नि बाकीचा चेक घेऊन येतो.

चेकवर सही डॉक्टर जेकिलची! सगळं पुस्तक मला त्या चेकमध्ये दिसतं. मूल तुडवायला एक आणि भरपाई द्यायला दुसरा. जेकिलला कोणी राक्षस ठरवलेलं नाही, उलट गावभर मान आहे. आपली मौज बिनबोभाट चालावी म्हणून त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या औषधातून हा बनवलाय. शेवटच्या कबुलीतसुद्धा लिहितो की मी 'तो' म्हणतो, 'मी' म्हणवत नाही. इथे बिचाऱ्या समाजाला कशाला दोष द्यायचा?

बे_दुणे_पाच

हाइड जेकिलपेक्षा लहानखुरा असतो, कारण वाईट बाजूला व्यायाम कमी झालेला असतो म्हणे. आमच्या ऑफिसात मग सगळे सहा फुटी कसे?

केतकी_रत्नाग्री

@पेणचा_पाहुणा, चेकचा मुद्दा जबरी. व्हिक्टरनेही वेगळं काय केलं? फक्त त्याच्याकडे चेकबुक नव्हतं.

'जेन एअर'मधली ती वरच्या मजल्यावरची बाई, म्हणजे रॉचेस्टरची पहिली बायको बर्था मेसन, तिच्यावर कोणी लिहीना म्हणून मीच लिहिते. 'जेन एअर' (१८४७) मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचं ते हसणं, घरमालक रॉचेस्टरच्या पलंगाला लागलेली आग, लग्नाच्या आधी टराटरा फाडलेला बुरखा, सगळ्याने घाबरले होते. नायिका जेनला ती व्हॅम्पायर वाटते, नंतर हातापायांवर रांगणारं जनावर. नंतरच्या वाचनात हिशोब बघितला. बर्था जमेकाची, स्पॅनिश टाउनची. हुंडा तीस हजार पौंड. रॉचेस्टर धाकटा मुलगा, इस्टेट थोरल्याला जाणार, म्हणून बापाने हे स्थळ बघून दिलं. पुढे थोरला मेला, बापही गेला, इस्टेटही आली, पैसे होतेच. बाई तेवढी नकोशी झाली. तिला थॉर्नफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीही नसलेल्या खोलीत, राखणीला दारू पिणारी ग्रेस पूल. तिचा स्वभाव, तिचं वेड, तिची आई कशी होती, हे सगळं आपल्याला रॉचेस्टर सांगतो. तेही दुसरं लग्न मोडल्यावर, नव्या नवरीची समजूत घालताना.

हे स्थळ आपल्यापैकी कोणाच्या मावशी-आत्याने ऐकलेलं नाही असं सांगा.

धोंडोपंत_तिसरे

ताई, रॉचेस्टरला एवढा झोडपू नका. घर पेटलं तेव्हा तो तिला वाचवायला छपरावर गेला होता. ती उडी मारते. त्यात त्याचा एक हात आणि डोळे जातात. आणि ती खरंच भावाला चावलेली आहे, चाकूही चालवलाय. शार्लट ब्राँटेला ती भीतिदायकच दाखवायची होती. तिची कैफियत मांडली ती जीन ऱ्हिसने, १९६६ साली, दुसऱ्या कादंबरीत.

केतकी_रत्नाग्री

वाचवायला गेला, कबूल. पण दहा वर्षं कोंडल्यावर मी चावले असते की नाही याची खात्री देत नाही. :-)

वेतोबाचा_भाचा

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. हे सगळे लोक भयंकर दिसणं आणि भयंकर असणं एकत्र धरतात. आमच्याकडे कोकणात आरवलीचा वेतोबा आहे. मूर्ती बघाल तर माणसापेक्षा उंच, पहिल्यांदा बघणारं पोर आईच्या पाठी लपतं. पण तो गावाचा राखणदार. रात्री गावात फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात. हा एवढा मोठा जोड! नवसाला केळ्यांचे घड. लहानपणी आम्हाला अंधारातून जायचं असलं की आजी म्हणायची, वेतोबा आसा, भियां नको.

रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली आपल्या वेताळ पंचविशीवरून इंग्रजी पुस्तक केलं, ते व्हॅम्पायर म्हणून छापलं. ड्रॅक्युला लिहिणारा ब्रॅम स्टोकर आणि बर्टनची ओळख होती. बर्टन बोलताना वरचा ओठ उचलला जाऊन त्याचा सुळा कसा चमकायचा, हे स्टोकरने नंतर आठवणींत लिहून ठेवलंय. तर्क ज्याचा त्याने करावा.

मधली_सुट्टी

मुंज्या, हडळ, खवीस यांनाही हजर करा आता. नाहीतर ते रुसतील.

वेतोबाचा_भाचा

त्यांच्याशी बोलणी तरी करता येतात. काय राहिलं ते विचारायचं, द्यायचं, विषय संपला. फ्रँकेन्स्टाइनच्या गड्यानेही मागितलंच होतं की! एक जोडीदारीण दे, आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही. आमच्याकडच्या कुठल्याही जाणत्याने तिथल्या तिथे सौदा मिटवला असता. व्हिक्टर आधी हो म्हणाला, मग ऑर्कनी बेटावर बसून अर्धी झालेली बाई त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकली.

संपादक

चर्चा छान चालू आहे. कोकणातल्या भुतांसाठी वेगळा धागा आधीपासून आहे, तिकडेही या.

तळघर

नवीन सभासद आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. सगळ्यात जुनी म्हणतात ती 'कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) कोणी घेतली नाही. आकाशातून अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि लग्नाच्या दिवशीच मुलगा त्याखाली चिरडून मरतो. त्यात भीती वाटायची ती त्या शिरस्त्राणाची नाही. मुलाचं प्रेत अजून अंगणात असताना बाप, मॅनफ्रेड, त्याच दिवशी होणाऱ्या सुनेला सांगतो की आता मीच तुझ्याशी लग्न करतो, बायकोला सोडतो, वंश चालला पाहिजे. ती भुयारातून पळते. पुढे रॅडक्लिफबाईंच्या 'उडोल्फो'मध्येही (१७९४) भुताखेतांचा शेवटी साधा खुलासा निघतो आणि मॉन्टोनी, नायिकेच्या आत्याचा नवरा, उरतोच. कागदावर सही कर, इस्टेट दे. म्हणजे या प्रकाराचा पहिला राक्षस घरचा कर्ता पुरुष आहे. दिसायला बरा, कायद्याने त्याचाच सगळा अधिकार. शिंगं आणि सुळे बरेच नंतर आले.

केतकी_रत्नाग्री

@तळघर, नवीन म्हणता आणि पहिल्याच चेंडूवर सिक्सर? येत रहा.

शेवटचं_पान

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. धोंडोपंत, विल्यमच्या प्रसंगाकडे मी पुन्हा गेले. त्याने पोराला धरलं ते मारायला नव्हे. एवढ्या लहान मुलाच्या मनात अजून कुरूपाचा तिटकारा भरलेला नसेल, ह्याला वाढवू, सोबत होईल, असं त्याला वाटलेलं. पोरगं किंचाळतं, राक्षस म्हणतं, आणि सांगतं की माझे बाबा न्यायदंडाधिकारी आहेत, ते तुला शिक्षा करतील. फ्रँकेन्स्टाइन हे आडनाव ऐकलं की मग गळा. म्हणजे खून खूनच, पण त्या पोराला ते कोणी शिकवलं होतं?

आणि डी लेसीचा आंधळा म्हातारा. त्याच्याशी तो बोलतो तेव्हा म्हातारा म्हणतो, मला दिसत नाही, पण तुमच्या बोलण्यात खरेपणा वाटतो. सगळ्या पुस्तकात त्याच्याशी नीट बोलणारा पहिला माणूस. तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स दार उघडून येतो आणि काठीने बडवतो.

धोंडोपंत_तिसरे

ते सगळं मान्य. तरी जस्टिन राहतेच. तिने तर त्याला बघून किंचाळीही मारली नव्हती. ती झोपेत होती. तिला अडकवण्याचं कारण तो काय देतो? की असल्या सुंदर बाईचं हसू आपल्या वाट्याला कधीच येणार नाही, मग तीही भोगू दे. हे समाजाने शिकवलं म्हणा हवं तर. पण केलं त्याने.

आणि तो स्वतः तुमच्यापेक्षा मला जास्त सामील आहे. शेवटी जहाजावर व्हिक्टरच्या प्रेताशेजारी उभा राहून जहाजाच्या कप्तानाला, वॉल्टनला विचारतो, गुन्हेगार मी एकटाच का? फेलिक्सचा द्वेष का नाही करत तुम्ही? ज्याचं पोर मी बुडताना वाचवलं आणि ज्याने मला गोळी घातली त्याचा का नाही? हे म्हणतो, आणि लगेच पुढे कबूल करतो की मी निष्पापांना मारलंय, तुमच्यापेक्षा मलाच माझी जास्त किळस येते. दोन्ही एका दमात. मी त्याला राक्षस म्हणतो ते त्याच्याच शब्दावर.

पेणचा_पाहुणा

वॉल्टनचं एक कोणी बोललं नाही. व्हिक्टरने मरताना त्याला गळ घातलेली असते, हा भेटला तर सोडू नकोस. आणि भेटतो तेव्हा वॉल्टन काय करतो? ऐकून घेतो. मग तो खिडकीतून बर्फावर उडी मारून जातो.

ओपीडी_संपली

मीनालाही श्रेय द्या. ड्रॅक्युलाच्या मागावर निघालेल्या सगळ्यांत तीच एक म्हणते की त्या आत्म्याची अवस्था सगळ्यांत वाईट आहे, त्याचीही कीव करा. कारण कपाळावर डाग तिच्याही पडलाय. मी बदलले तर मलाही मारा, असं वचन घेते आणि जिवंतपणी स्वतःसाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचून घेते. बाकीच्यांना ती वेळ आपल्यावर येईल असं कधी वाटतच नाही.

बे_दुणे_पाच

सगळं वाचून आता पुस्तकच वाचावंसं वाटतंय. कुठली आवृत्ती घेऊ? दोन आहेत म्हणे.

शेवटचं_पान

१८१८ची घ्या. १८३१ला मेरी शेलीने बदल केले. एलिझाबेथ आधी व्हिक्टरची आतेबहीण होती ती दत्तक अनाथ झाली, आणि व्हिक्टरच्या तोंडी नशीब, विधिलिखित वगैरे फार वाढलं. माझ्या बाजूने वाद घालायचा तर पहिली बरी.

धोंडोपंत_तिसरे

माझ्या बाजूने घालायचा तरी पहिलीच. नशिबाला पुढे करायला जागा कमी. दोन्हींचा कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतात.

तळघर

'कार्मिला'वर (१८७२) धागा काढू का? ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची आहे, आणि तिथली राक्षसीण नायिकेची जिवाभावाची मैत्रीण आहे. धोंडोपंत येणार असतील तरच काढतो.